एकाच जातीच्या जनावरांतील अंतःप्रजनन गुणांकांची तफावत कशी मोजावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका जातीच्या नोंदवहीत आठ-दहा पिढ्यांची वंशावळ उपलब्ध आहे आणि प्रत्येक जनावराचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पैदाशीचे माप, संगणकाने काढलेला आहे. सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास येते, परंतु कित्येक जनावरे शून्यावर आहेत आणि काही वीस टक्क्यांच्याही वर आहेत. ही तफावत कोणत्या मापाने सांगावी, आणि त्या मापावर दोन वंशरेषांची तुलना करणे योग्य ठरेल का?

मापे अनेक आहेत, आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरले आहेत ते सांगणारे माप) हे त्यांतले सर्वांत सोपे आहे. पण ते काढण्याआधी एक छाननी करावीच लागते. गुणांकांत दिसणारी तफावत तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येते. काही तफावत प्रत्यक्ष जुळवणीतून येते, म्हणजे कोणी जवळच्या नात्यात पैदास केली आणि कोणी टाळली यातून. काही तफावत केवळ नोंदींतून येते, कारण एका जनावराचे पूर्वज दहा पिढ्यांपर्यंत माहीत असतात आणि दुसऱ्याचे दोनच पिढ्यांपर्यंत. तिसरी तफावत जनावरांच्या जनुकांत खरोखर असते, पण वंशावळीत ती दिसतच नाही. पहिली तफावत मोजायची असेल, तर दुसरी वेगळी काढावी लागते आणि तिसरीचा अंदाज स्वतंत्रपणे द्यावा लागतो. ज्या अहवालांत नुसते ‘सरासरी अमुक, प्रमाण विचलन तमुक’ एवढेच असते, त्यांत या तिघांची सरमिसळ झालेली असते आणि वाचणाऱ्याला त्यातून फारसे काही हाती लागत नाही.

आधी गुणांकाचा अर्थ नक्की करू. सिवॉल राइट यांनी १९२२ मध्ये हा गुणांक आजच्या सूत्राच्या रूपात मांडला. त्या काळात ते अमेरिकेच्या कृषी खात्यात गिनीपिगांच्या अंतःप्रजनित वंशांवर काम करीत होते. राइट यांची मांडणी सहसंबंधाच्या भाषेत होती. पुढे १९४८ मध्ये गुस्ताव्ह मालेको यांनी तिला संभाव्यतेचा अर्थ दिला, आणि आज बहुतेक जण तोच वापरतात. त्यानुसार, एखाद्या जनावराच्या कोणत्याही एका जनुकस्थानावरील दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीपासून उतरलेल्या असण्याची संभाव्यता म्हणजे त्या जनावराचा अंतःप्रजनन गुणांक. या व्याख्येत एक गृहीतक दडलेले आहे. वंशावळ जिथे थांबते तिथली जनावरे परस्परांशी पूर्णपणे बिननात्याची मानली जातात. म्हणून गुणांक कधीही निरपेक्ष नसतो. तो नेहमी कोणत्या तरी मूळ पिढीच्या तुलनेत असतो. दोन जनावरांच्या मूळ पिढ्या वेगळ्या असतील, तर त्यांचे गुणांक दोन वेगवेगळ्या पट्ट्यांनी मोजलेले आहेत, असेच समजावे.

राइट यांच्या सूत्रात आई आणि बाप यांना जोडणारा, सामाईक पूर्वजातून जाणारा प्रत्येक मार्ग स्वतंत्र धरतात. बापापासून पूर्वजापर्यंतच्या पायऱ्या आणि आईपासून पूर्वजापर्यंतच्या पायऱ्या यांची बेरीज करून तीत एक मिळवायचा, तितक्या वेळा निम्मे करायचे, आणि तो पूर्वज स्वतः अंतःप्रजनित असेल तर एक अधिक त्याचा गुणांक याने गुणायचे. सर्व मार्गांची बेरीज म्हणजे जनावराचा गुणांक. त्यानुसार सावत्र भावंडांच्या संकरातून ०.१२५ येतो, सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या संकरातून ०.२५ येतो, आणि सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या संकरातून ०.०६२५ येतो. हे आकडे सर्वांना पाठ असतात. मात्र सामाईक पूर्वज स्वतः अंतःप्रजनित नसेल आणि आईबापांमध्ये दुसरे कोणतेही नाते नसेल, तेव्हाच ते लागू पडतात, ही अट बहुधा विसरली जाते.

शॉर्टहॉर्न जातीतील कॉमेट या वळूच्या वंशावळीत ही अट किती महत्त्वाची आहे ते दिसते. चार्ल्स कॉलिंग यांच्या कळपातला हा वळू १८१० च्या लिलावात १००० गिनींना विकला गेला, आणि राइट यांनी स्वतः त्याचा गुणांक काढला होता. कॉमेटचा बाप फेव्हरिट; आई यंग फिनिक्स. यंग फिनिक्स ही फेव्हरिटचीच मुलगी, आणि तिची आई फिनिक्स ही फेव्हरिटचीही आई. एवढीच वंशावळ हाती असेल, तर फेव्हरिटमधून जाणाऱ्या मार्गाचे ०.२५ आणि फिनिक्समधून जाणाऱ्या मार्गाचे ०.१२५, असे मिळून ०.३७५ येतात. पण फेव्हरिटचे आईबाप आपसांत जवळच्या नात्यातले होते, त्यामुळे त्याचा स्वतःचा गुणांक ०.१९२ भरतो. ते नाते हिशेबात घेतले की कॉमेटचा गुणांक ०.४७१ होतो. वळू एकच, संकरही तेच. मागच्या दोन-तीन पिढ्यांची नोंद मिळाल्यामुळे आकडा जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढला. आता अशी कल्पना करा की एका कळपातील निम्म्या जनावरांची नोंद उथळ आहे आणि निम्म्यांची खोल आहे. त्या कळपात जुळवणी सर्वत्र सारखीच झाली असली, तरी गुणांकांत मोठी तफावत दिसेल.

हजारो जनावरांसाठी मार्ग मोजत बसणे शक्य नसते. तिथे सारणी पद्धत वापरतात. जनावरे जन्मक्रमाने मांडायची, आणि प्रत्येक जनावराचे आपल्याआधीच्या जनावरांशी असलेले नाते त्याच्या आईबापांच्या नात्यांच्या सरासरीने भरत जायचे. मोठ्या नोंदवह्यांसाठी क्वास यांची १९७६ ची आणि म्यूविसन व लुओ यांची १९९२ ची पद्धत रूढ आहे, आणि लाखो जनावरांची वंशावळही त्यांमुळे सहज सुटते. गणिताची अडचण आता उरलेली नाही, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

अडचण नोंदींची आहे, आणि माझ्या मते या विषयात सर्वाधिक लक्ष तिथेच द्यायला हवे. आई किंवा बाप यांपैकी एक जरी अज्ञात असेल, तर त्या जनावराचा गुणांक आपोआप शून्य येतो. असे शून्य हे मोजमाप नसून मोजमापाचा अभाव असतो. पाच जनावरे शून्यावर आणि पाच जनावरे ०.०८ वर असलेला गट घेतला, तर सरासरी ०.०४ येते आणि प्रमाण विचलनही ०.०४ येते. शून्यावरच्या पाचही जनावरांचे बाप अज्ञात असतील, तर हे सगळे विचलन कागदाचे आहे, जनावरांचे नाही. म्हणून पहिले काम असे की प्रत्येक गुणांकाशेजारी त्या जनावराच्या वंशावळीची खोली लिहावी.

ही खोली मोजण्यासाठी समतुल्य पूर्ण पिढ्यांची संख्या हे माप मला सर्वांत उपयोगी वाटते. ज्ञात असलेल्या प्रत्येक पूर्वजाला त्याच्या पिढीनुसार वजन द्यायचे: आईबापांना प्रत्येकी अर्धे, आजी-आजोबांना प्रत्येकी पाव, त्यांच्या आईबापांना प्रत्येकी एक अष्टमांश, आणि बेरीज करायची. आईबाप दोन्ही ज्ञात असतील तर एक पिढी पूर्ण होते. त्यापुढे फक्त बापाचे आईबाप ज्ञात असतील, तर एकूण दीड पिढी भरते. याला एक मर्यादा आहे. एका बाजूची वंशावळ वीस पिढ्यांची आणि दुसऱ्या बाजूची एकाच पिढीची असेल, तरी बेरीज मोठी येऊ शकते, पण अंतःप्रजनन मात्र सापडत नाही, कारण सामाईक पूर्वज दोन्ही बाजूंना असावा लागतो. यासाठी मॅक्‌क्लुअर व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये स्टँडर्डब्रेड घोड्यांच्या अभ्यासात वापरलेला पूर्णता निर्देशांक सोबत ठेवावा. त्यात आईच्या आणि बापाच्या बाजूच्या पूर्णतेची हरात्मक सरासरी (लहान आकड्याकडे झुकणारी सरासरी) घेतली जाते. एक बाजू कोरी असेल, तर निर्देशांक शून्यावर येतो. हे माप कठोर आहे, पण न्याय्य आहे.

अज्ञात आईबापांचे काय करावे, यावर व्हॅनरेडन यांनी १९९२ मध्ये सुचवलेला उपाय असा, की अज्ञात आईबापांना बिननात्याचे न मानता, त्याच काळात जन्मलेल्या ज्ञात जनावरांच्या सरासरीइतके अंतःप्रजनन त्यांच्या संततीत असेल, असे धरावे. सरासरीचा कल पाहण्यासाठी हा उपाय चांगला आहे. तफावत मोजण्यासाठी मात्र तो जपून वापरावा, कारण ज्यांच्याविषयी काहीच माहीत नाही, त्या सर्वांना तो एकाच आकड्यावर आणून बसवतो आणि विचलन कृत्रिमरीत्या आक्रसते. तफावतीच्या हिशेबातून अशी जनावरे वगळावीत आणि किती वगळली ते लिहावे, हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

खोली वेगवेगळी असूनही जनावरांची परस्परांशी तुलना करायचीच असेल, तर गुणांकाऐवजी प्रति पिढी वाढ हे माप घ्यावे. २००७ ते २००९ या काळात स्पेनमधील संशोधकांनी हे माप वैयक्तिक पातळीवर वापरण्याची रीत घातली. एकातून गुणांक वजा करायचा, जे उरते त्याचे ‘समतुल्य पिढ्या उणे एक’ इतक्या घाताचे मूळ काढायचे, आणि ते पुन्हा एकातून वजा करायचे. समजा एका जनावराचा गुणांक ०.०८ आहे आणि त्याची वंशावळ नऊ समतुल्य पिढ्यांची आहे; त्याची प्रति पिढी वाढ सुमारे १.०४ टक्के येते. दुसऱ्याचा गुणांक ०.०५ आहे, पण वंशावळ चारच पिढ्यांची आहे. त्याची वाढ सुमारे १.७ टक्के येते. नुसता गुणांक पाहणारा माणूस पहिल्या जनावराला अधिक अंतःप्रजनित म्हणेल. वेगाच्या हिशेबाने पाहिले, तर दुसरे जनावर पुढे आहे. या वाढीची सरासरी काढली की एक भागिले तिच्या दुपटीने परिणामकारक गटसंख्या मिळते, म्हणजे यदृच्छया पैदास होणाऱ्या ज्या आदर्श गटात अंतःप्रजनन याच वेगाने वाढेल त्यातील जनावरांची संख्या. वाढ एक टक्का असेल, तर ती पन्नास येते, आणि पाळीव जनावरांच्या संवर्धनात हाच आकडा किमान मर्यादा म्हणून बहुधा वापरला जातो. खोली फारच कमी असेल, समजा दोन पिढ्यांच्या आसपास, तर हे माप बेभरवशाचे होते. एकच जवळचा संकर वाढीला गगनाला नेतो. तीन समतुल्य पिढ्यांच्या खालच्या जनावरांवर मी ते वापरत नाही.

एवढी छाननी झाल्यावर विचलनाकडे वळावे. अंतःप्रजनन गुणांकांचे वितरण घंटाकृती नसते. शून्याजवळ गर्दी असते, उजवीकडे लांब शेपटी असते, आणि ०.१२५ व ०.२५ यांच्या आसपास छोटे उंचवटे असतात, कारण विशिष्ट नात्यांतले संकर पुन्हा पुन्हा होतात. अशा वितरणाचे प्रमाण विचलन शेपटीतल्या मूठभर जनावरांवर ठरते. म्हणून सरासरी आणि प्रमाण विचलन यांच्यासोबत मध्यक (अगदी मधले मूल्य), दहावा व नव्वदावा शतमक (ज्यांच्या खाली अनुक्रमे दहा व नव्वद टक्के जनावरे येतात ती मूल्ये), आणि ०.०६२५, ०.१२५ व ०.२५ या उंबरठ्यांवरील जनावरांचे प्रमाण द्यावे. प्रमाण विचलनाला सरासरीने भागून येणारा विचरण गुणांक इथे वापरू नये. सरासरी शून्याजवळ असली की तो निरर्थक मोठा होतो, आणि मूळ पिढी बदलली की सरासरीबरोबर तोही बदलतो.

आता खरा प्रश्न: दिसलेली तफावत जास्त आहे की कमी? तुलनेसाठी काही आधार हवा, आणि तो आधार यादृच्छिक जुळवणीचा असावा. त्या वर्षी पैदाशीत असलेल्या नरांची आणि माद्यांची यादी घ्यावी, प्रत्येक नराचा जितका वापर झाला तितकेच वजन त्याला द्यावे, आणि जोड्या संगणकाकडून यदृच्छया पुन्हा पुन्हा लावून घ्याव्यात. हजार वेळा असे केले, तर संभाव्य संततीच्या गुणांकांची हजार सरासऱ्या आणि हजार प्रमाण विचलने मिळतात. प्रत्यक्षातली सरासरी त्यांच्या खाली असेल, तर पैदासकार जवळचे संकर टाळत आहेत. प्रत्यक्षातले विचलन त्यांच्या वर असेल, तर काही जण जाणूनबुजून एका पूर्वजाभोवती रेषापैदास करीत आहेत आणि काही जण बाहेरचे रक्त आणत आहेत. या दोन गोष्टी एकाच वेळी घडू शकतात. सरासरी अपेक्षेइतकीच, पण विचलन अपेक्षेच्या दुप्पट, असे चित्र दिसले तर त्या जातीत दोन विरुद्ध धोरणे शेजारी शेजारी चालू आहेत, असे समजावे. सरासरीवरून हे कधीच कळले नसते.

सरासरीपुरते हेच गणित राइट यांच्या विभागणीतून सूत्रानेही मांडता येते; तीत एकूण अंतःप्रजननाचे यादृच्छिक जुळवणीतून येणारा भाग आणि त्यापासूनचे अंतर असे दोन भाग करतात. संभाव्य जोड्यांचा सरासरी नातेगुणांक घ्यावा. दोन जनावरांचा नातेगुणांक म्हणजे त्यांच्या संततीला मिळणारा अंतःप्रजनन गुणांक. तो ०.०४ असेल आणि प्रत्यक्ष संततीची सरासरी ०.०६ असेल, तर फरक ०.०२ हा ०.९६ ने भागून यादृच्छिक जुळवणीपासूनचे अंतर सुमारे ०.०२१ येते. हे अंतर ऋण आले, तर जवळचे संकर टाळले जात आहेत. मात्र ऋण अंतरावर समाधान मानू नये, कारण जवळचे संकर टाळल्याने अंतःप्रजनन पुढे ढकलले जाते, थांबत नाही. थोडेच नर वापरले जात असतील, तर नातेगुणांक वाढत राहतो आणि काही पिढ्यांनी बिननात्याची जोडीच उरत नाही.

जुने आणि नवे अंतःप्रजनन वेगळे काढणेही तफावतीच्या अर्थासाठी आवश्यक आहे. एकदा संपूर्ण वंशावळीवर आणि एकदा फक्त शेवटच्या चार-पाच पिढ्यांवर गुणांक काढावा. संपूर्ण गुणांक ०.१४ आणि अलीकडचा ०.०३ असेल, तर ०.८६ भागिले ०.९७ हे एकातून वजा करून जुना भाग सुमारे ०.११३ येतो. बंद नोंदवह्यांत, उदाहरणार्थ १७९१ पासून छापील वंशावळ असलेल्या थरोब्रेड घोड्यांत, जुना भाग सर्व जनावरांत जवळजवळ सारखाच असतो, कारण सगळे त्याच मोजक्या पूर्वजांकडे जातात. जनावराजनावरांतील तफावत मुख्यतः नव्या भागातून येते. नव्या, अर्धवट नोंदलेल्या जातींत उलटे घडते. जुना भागच जनावरागणिक बदलतो, आणि तो बदलतो नोंदींमुळे. यामुळेच दोन जातींची प्रमाण विचलने थेट शेजारी ठेवू नयेत.

आता वंशावळीला न दिसणाऱ्या तफावतीकडे येऊ. सख्ख्या भावंडांचा वंशावळीवरून काढलेला गुणांक अगदी सारखाच असतो, मग एका विणीत बारा पिल्ले असोत की दोन. वंशावळीच्या गुणांकातले सगळे प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) कुटुंबांकुटुंबांमध्ये असते, कुटुंबाच्या आत ते शून्य असते. प्रत्यक्ष जनुकसंचात तसे नसते. प्रत्येक पिल्लाला गुणसूत्रांची वेगळी वाटणी मिळते. माणसांतील सख्ख्या भावंडांच्या ४४०१ जोड्यांच्या २००६ मधील अभ्यासात वंशपरंपरेने सामाईक असलेला वाटा सरासरी निम्मा, पण जोडीगणिक सुमारे ३७ ते ६२ टक्के आढळला. अंतःप्रजननालाही हाच नियम लागू आहे.

ही तफावत किती असू शकेल याचा कच्चा अंदाज हाताने काढता येतो. सर्व गुणसूत्रे सारख्या लांबीची आहेत आणि त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होतच नाही, असे धरू. मग गुणांक गुणिले ‘एक उणे गुणांक’ भागिले गुणसूत्र-जोड्यांची संख्या, हे प्रचरण होते. सख्ख्या भावंडांच्या संकरातून जन्मलेल्या पिल्लांचा गुणांक ०.२५. कुत्र्यांत लिंगगुणसूत्रे वगळून ३८ जोड्या आहेत, म्हणून प्रमाण विचलन सुमारे ०.०७ येते. डुकरांत १८ जोड्या आहेत, म्हणून ते सुमारे ०.१० येते. प्रत्यक्षात अदलाबदल होते आणि तीमुळे विचलन यापेक्षा कमी भरते, तरी एकाच विणीतल्या दोन पिल्लांच्या खऱ्या अंतःप्रजननात पाच-दहा टक्क्यांचा फरक असणे मुळीच विशेष नाही. अधिक नेमका अंदाज हवा असेल, तर मूळ जनावरांना काल्पनिक खुणा देऊन त्या वंशावळीतून पिढ्यान्‌पिढ्या संगणकावर खाली उतरवाव्यात, गुणसूत्रांची लांबी आणि अदलाबदलीचा दर धरून. प्रत्येक जनावरासाठी एका आकड्याऐवजी एक वितरण मिळते.

जनुकीय चिप (जनुकसंचातील हजारो ठिकाणे एकाच वेळी तपासणारी चाचणी) परवडत असेल, तर अनुमानाची गरज उरत नाही. जनुकसंचात सलग लांबवर दोन्ही प्रती सारख्या असलेले पट्टे शोधून, त्यांची एकूण लांबी तपासलेल्या जनुकसंचाच्या लांबीने भागतात. या पट्ट्यांची लांबी वयही सांगते. सामाईक पूर्वज किती पिढ्या मागे आहे, त्या संख्येने पन्नासला भागले की पट्ट्याची सरासरी लांबी सेंटिमॉर्गनमध्ये (अदलाबदलीच्या शक्यतेवरून ठरणारे गुणसूत्रावरील अंतराचे एकक) मिळते. तीन पिढ्यांमागच्या पूर्वजाचे पट्टे सरासरी सतरा सेंटिमॉर्गनच्या आसपास, तर दहा पिढ्यांमागच्याचे पाचच. गायीगुरांत एक सेंटिमॉर्गन साधारण डीएनएच्या दहा लाख अक्षरजोड्यांइतका असतो. मात्र फार आखूड पट्टे विरळ चिपवर नीट ओळखता येत नाहीत, म्हणून चिप बदलली की विचलनही बदलते, आणि वेगवेगळ्या चिपवरचे आकडे एकाच तक्त्यात मिसळू नयेत. वंशावळीचा गुणांक आणि हा जनुकीय गुणांक यांत मोठी फारकत दिसली, तर सर्वप्रथम नोंदी तपासाव्यात. चुकीचा बाप नोंदवला गेला असेल, तर खरे सामाईक पूर्वज बहुधा हरवतात आणि गुणांक कमी दिसतो. चुकून कळपातल्याच नराचे नाव लागले, तर तो जास्तही दिसू शकतो.

दोन वंशरेषांच्या तुलनेबद्दल विचारले होते. तुलना करता येईल, पण दोन्हींसाठी एकच मूळ वर्ष ठरवून, किमान खोलीची एकच अट लावून, आणि एकाच जन्मकाळातली जनावरे घेऊन. शिवाय जनावरे स्वतंत्र नमुने आहेत असे मानू नये. एका नराच्या तीनशे मुली ही तीनशे स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. नेहमीच्या सूत्राने काढलेली प्रमाण त्रुटी (अंदाजातली अपेक्षित चूक) त्यामुळे फारच लहान येते आणि नसलेला फरक खात्रीचा वाटू लागतो. संपूर्ण नर-कुटुंबे एकक धरून पुनर्नमुने (त्याच कुटुंबांतून पुन्हा पुन्हा यदृच्छया निवडलेले गट) घ्यावेत आणि त्यांवरून सरासरी व विचलन दोन्हींच्या मर्यादा काढाव्यात. वाढीचा दर देताना प्रति पिढी आणि प्रति वर्ष असे दोन्ही आकडे द्यावेत. अमेरिकेत २००९ पासून दुधाळ गायींच्या अधिकृत मूल्यमापनात जनुकीय माहिती आली आणि वळू फार लहान वयात वापरले जाऊ लागले; पिढ्यांमधले अंतर असे घटले, की प्रति पिढी दर तोच राहूनही प्रति वर्ष दर वाढतो.

ही सगळी मोजदाद बहुतेकदा उत्पादन, प्रजननक्षमता किंवा जगणूक यांच्याशी अंतःप्रजननाचा संबंध पाहण्यासाठी केली जाते. तिथे तफावत हाच कच्चा माल असतो. गुणांक सगळे दोन ते चार टक्क्यांत अडकलेले असतील, तर हजारो नोंदी असूनही परिणामाचा उतार, म्हणजे गुणांक वाढला की उत्पादन वगैरे किती बदलते, तो नीट ठरत नाही. आणि वीस टक्क्यांवरची पाच-सात जनावरे असतील, तर सगळा उतार तीच ठरवतात. अशा जनावरांसह आणि त्यांच्याशिवाय, दोन्ही प्रकारे विश्लेषण करून पाहावे. जन्मवर्ष आणि आईचा परिणाम प्रतिमानात (विश्लेषणाच्या संख्याशास्त्रीय समीकरणात) घ्यावा, कारण अंतःप्रजनन वर्षागणिक वाढते आणि खाद्य-व्यवस्थापनही वर्षागणिक बदलते. आईचे स्वतःचे अंतःप्रजनन वेगळे धरावे; पिल्लाच्या जगणुकीवर त्याचाही परिणाम होतो.

सारखा गुणांक म्हणजे सारखा धोका, असेही नाही. होल्स्टिन जातीत १९६२ मध्ये जन्मलेल्या पॉनी फार्म अर्लिंडा चीफ या वळूचा वाटा अमेरिकेतील होल्स्टिन गायींच्या जनुकसंचात सुमारे चौदा टक्के असल्याचे आढळले, आणि त्याच्याकडून एक घातक अप्रभावी बदलही पसरला. त्या बदलाच्या दोन प्रती मिळालेला गर्भ जगत नाही. दोन कालवडींचा गुणांक ०.०६ असेल, एकीचा चीफमधून आलेला आणि दुसरीचा अन्य पूर्वजांतून, तर त्यांच्या धोक्यात फरक आहे. यासाठी गुणांकाची पूर्वजवार विभागणी करावी. प्रत्येक मूळ पूर्वजामुळे आलेला अंश वेगळा काढला की त्या अंशांची बेरीज मूळ गुणांकाइतकी भरते, आणि कोणत्या पूर्वजाचा अंश नुकसानीशी जोडलेला आहे ते प्रतिमानात तपासता येते. मोठ्या नोंदवहीत हे वीस-तीस प्रमुख पूर्वजांपुरतेच करावे. त्यापुढचे अंश इतके लहान असतात, की त्यांच्यावर काही ठरत नाही.

तेव्हा अहवालाच्या तक्त्यात प्रत्येक जन्मवर्षाच्या ओळीत जनावरांची संख्या, वगळलेल्यांची संख्या, समतुल्य पिढ्यांची सरासरी, पूर्णता निर्देशांक, गुणांकाची सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन व नव्वदावा शतमक, प्रति पिढी वाढ, आणि यादृच्छिक जुळवणीत अपेक्षित असलेली सरासरी व विचलन एवढे रकाने ठेवावेत. पहिल्या काही वर्षांच्या ओळींत खोली दोन-तीन पिढ्यांच्या खाली असेल, तर त्या ओळींतले विचलनाचे रकाने कोरेच सोडावेत.